मशिदीच्या दारात ‘जय भीम’

नोव्हाय, शनिवार संध्याकाळ

खिडकीच्या रंगीत काचेतून गालिच्यावर पडलेला तो हिरवा उजेड अजून डोळ्यांपुढून जात नाही. इथून जवळच्या डिअरबॉर्न शहरातली ती जुनी मशीद मोटारींच्या कारखान्यातल्या मजुरांनी उभी केली, हे कळल्यापासून मला ती बघायचीच होती. रूममेट केतकी ड्राइव्ह करायला तयार झाली.

दारात बूट काढले, स्कार्फ देणाऱ्या आजी हसल्या, आणि विहारात शिरताना निघतं तसं माझ्या तोंडून निघालं, “जय भीम.” तेही हात जोडून!

“म्हणजे काय, हनी?” आजींनी विचारलं.

केतकी शेजारीच उभी. वर्षभर एकत्र राहतोय, पण आम्ही बौद्ध, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. भीती कसली होती? घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि एवढंही बोलता येऊ नये?

“आमचा नमस्कार,” मी म्हणाले. “बाबासाहेबांच्या नावाचा. त्यांनी आम्हाला माणूस म्हणून ताठ उभं केलं.”

“मग आत ये. कुठेही बस.”

कुठेही! मी थेट त्या हिरव्या उजेडात जाऊन बसले. पाण्याखाली बसल्यासारखं शांत. किती वेळ, कोण जाणे.

परतताना वाटेतल्या दुसऱ्या, मोठ्या मशिदीचे मिनार दिसले, तेव्हा केतकी एवढंच म्हणाली, “मला आधी का नाही सांगितलंस, यार?” चिडली होती, की वाईट वाटलं होतं?

मघाशी आईचा फोन आला. एरवी मी बाल्कनीत जाऊन बोलते. आज किचनमध्येच बसले आणि मोकळ्या आवाजात “जय भीम, आई” म्हणाले. केतकी चटणी वाटत होती. तिने न सांगताच मिक्सर बंद केला.