शाळेच्या मैदानातला माझा अर्धा हिस्सा

मी, प्रीतम मारुती गायकर, वय २७, मूळ राहणार मोहने, हल्ली मुक्काम सोहार, ओमान, धंदा तेलाच्या टाक्या रंगवणं, हा मृत्युपत्राचा कागद शुक्रवारच्या सुट्टीत, न पिता, कुणीही न शिकवता, स्वतःच्या हातानं लिहितोय. शिक्षण नववी नापास, तेव्हा चुका निघतील. अर्थ पक्का आहे. उद्यापासून साठ फुटांवरचं काम आहे, म्हणून आजच लिहिलं.

१. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते आई सखुबाई हिचं. तिला कुणी काही विचारू नये.

२. घरामागची मी बांधलेली खोली आई असेपर्यंत आईची, नंतर पुतणी सान्वीची. तिच्या बापाची नाही. बाप म्हणजे माझा मोठा भाऊ सुदेश. आमच्या हायस्कूलच्या फलकावर त्याचं नाव आहे, दहावीत पहिला. मी त्याच्या मागून त्याच शाळेत गेलो आणि पाच वर्षं प्रत्येक सरांनी एकच विचारलं, "तू सुदेशचा भाऊ ना? मग असा कसा?"

यंदा सव्वीस जानेवारीला शाळेनं त्याला पाहुणा म्हणून बोलावलेलं. माइकवर म्हणाला, "माझा सख्खा भाऊ नुसता खेळत राहिला. आज परदेशात रंग मारतो. आता तुम्हीच ठरवा." आईनं व्हिडिओ पाठवला, वर फोन करून म्हणते, "आरं बग ना, कवऱ्या टाल्या परल्या!" बघितलं. टाळ्यांसकट चार वेळा बघितलं.

३. आता मुख्य. शाळेचं मैदान आमचं आहे. आजोबा पंढरी यांनी ते पोरांना खेळायला तोंडी दिलं, कागद केलाच नाही. सातबाऱ्यावर आज दादा आणि मी, निम्मे निम्मे. दादाला ते बिल्डरला द्यायचंय. माझ्या सहीसाठी कुलमुखत्यारपत्र पाठवलंय. फोनवर म्हणाला, "अरे, दोन फ्लॅट मिळतायत, एक तुझा. तुला काय त्या धुळीचं पडलंय?"

दादा, सांगतो. मी आठवीत असताना त्या धुळीत तालुक्याची कबड्डीची फायनल झाली. शेवटच्या चढाईत तीन गडी मारून आलो. तू दहावीत, कुंपणाला टेकून उभा होतास. टिटवाळ्याच्या टीमबरोबर आलेल्या सरांनी तुला विचारलं, "तू प्रीतमचा भाऊ का रे?" तेव्हाचं तुझं तोंड मी बघितलंय. आख्ख्या मोहन्यात माझी तेवढीच एक जागा आहे. तिथं गाड्या लागू देणार नाही.

म्हणून माझा अर्धा हिस्सा मी हायस्कूलला देतो, फक्त खेळासाठी. शाळेवर माया आहे म्हणून नाही, तुला मिळू नये म्हणून. जळतोय मी, आणि पूर्ण शुद्धीत जळतोय. अट एकच, नापास पोराला मैदानातून हाकलायचं नाही. कुलमुखत्यारपत्र सही न करता सोबत परत पाठवतोय.

४. हे सगळं अमलात आणायला कागद कळणारा माणूस पाहिजे. मी खूप नावं आठवून बघितली. आमच्यात तसा एकच आहे. म्हणून व्यवस्थापक म्हणून सुदेश मारुती गायकर यालाच नेमतो. तो मला नावं ठेवेल, बिल्डरच्या शिव्या खाईल, पण माझ्या सहीचा कागद फाडणार नाही. हे मला पक्कं माहीत आहे, आणि तेही मला सहन होत नाही.

सही : प्रीतम मारुती गायकर

प्रीतमनं आमच्यासमोर सही केली, आम्ही त्याच्यासमोर केली.
साक्षीदार : १) जगन लक्ष्मण तांडेल २) ऋतुराज किसन सपकाळ, दोघे त्याच्याच खोलीतले

ठिकाण : कामगार कॅम्प, सोहार
तारीख : ७ फेब्रुवारी २०२५