चौथ्या मजल्यावरून हाक

प्रिय चिमणे,

लेकीसाठी केलेल्या तुझ्या यादीतली सतराही नावे मी नापसंत केली आणि त्यावरचा तुझा निरोप पोहोचला: "ताई, शुक्रवारपर्यंत एक नाव कळव, नाहीतर मधलं नाव काढूनच टाकते!" नोंदणीचा अर्ज शुक्रवारी द्यायचा आहे, हे मी विसरलेले नाही. मी काहीच विसरत नाही. "ताईंना नाव ठेवायला सांगितलं, तर त्या नावं ठेवत बसल्या," हा तुझ्या नवऱ्याचा विनोदही कानावर आला. त्याच्या मानाने बरा आहे.

तुमच्या लेकीच्या नावामागे, मधले नाव म्हणून, माझे नाव लावायचे तुम्ही दोघांनी ठरवलेत, तेव्हा मी केवळ 'विचार करा' म्हणून फोन ठेवला. तू रुसलीस. मला पुढे बोलवेना, हे आज लिहिते.

त्यानंतर मी काम हाती घेतले ते माझ्या पद्धतीने. जन्मभर ध्वनिशास्त्र शिकवलेल्या बाईने नाव कागदावर वाचून निवडावे, हे मला मान्य नाही. नाव हाकेसाठी असते. म्हणून रोज सकाळी आमच्या जिन्यात, चौथ्या मजल्यावर उभी राहून, दोन-तीन नावे, एकेक करून, माझ्या नावाला जोडून मी खणखणीत हाक मारली. तिसरे नाव दुसऱ्या मजल्यावरच विरले. सहावे म्हणजे कुणाला ठसका लागावा तसे. नववे, तुझ्या सासूबाईंचे लाडके, तळापर्यंत पोहोचले खरे, पण भांडे गडगडत गेल्यासारखे. (हे त्यांना कळू देऊ नकोस.) खाली दुकान असलेल्या शिंप्याने आठवडाभर सोसले. काल मात्र मान वर करून त्याने विचारलेच, "बाई, इतक्या मुली हरवल्या, त्यातली एकही सापडली नाही?"

मी आत आले, आणि मला आईची हाक आठवली. जेवणाच्या वेळी ती खिडकीतून एका श्वासात आपल्या दोघींना बोलवायची. आधी तुझे नाव, मागोमाग माझे. तू धाकटी असूनही आधी, कारण तू उंडारत कुठच्या कुठे गेलेली असायचीस आणि मी पायरीवरच पुस्तकात डोके खुपसून बसलेली. ती हाक पार कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापर्यंत जायची.

दोष त्या सतरा नावांत नव्हता, चिमणे. माझ्या नावाच्या आधी माझ्या कानाला तुझेच नाव हवे होते, आणि ते तर कधीच देऊन झालेले. नऊ वर्षांची असताना मीच हट्टाने निवडलेले.

आज सकाळी यादीतले पहिले नाव पुन्हा घेतले. त्यावर तू पहिल्याच दिवशी बोट ठेवले होतेस आणि मी 'सामान्य' असा शेरा मारला होता. या वेळी काही तपासले नाही. ती खाली खेळते आहे आणि ताटातले गार होते आहे, एवढेच मनात धरून हाक मारली. शिंपी सुई हातात तशीच घेऊन दारात आला आणि म्हणाला, "ही येईल बघा."

तेव्हा तेच नाव लिही. आणि त्यामागचे माझे नाव, कृपा करून, काढू नकोस. आजवर मी सूचनाच करत आले, विनंती करायची सवय नाही. म्हणून या एका वाक्यासाठी एवढे लांब पत्र लिहावे लागले.

हाकेच्या अंतरावर असलेली,
तुझीच ताई