बिनपरवान्याच्या दोघी

प्रिय ओडेसा,

पत्र बघून हसशील. वीस मिनिटांवर राहणाऱ्या बाईला कोणी पत्र लिहितं का? पण फोनवर तू मला मध्येच हसवशील आणि सांगायचं ते राहून जाईल, म्हणून लिहितेय.

परवा कपाट आवरताना तुझी जुनी गवताची टोपी सापडली. एकेचाळीस वर्षं आपण दोघींनी मासे धरले आणि परवान्यापायी सरकारला एक दमडी दिली नाही, याचा मला केवढा तोरा होता! आपल्याच जिल्ह्यातलं पाणी, हातात बिनचक्रीची बांबूची काठी, दोरीला बूच आणि गळाला जिवंत किडा, एवढं सांभाळलं की परवाना लागत नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या नदीवर जायचं तर जूनमधल्या मोफतच्या दोन दिवसांची वाट बघायची. तुझ्या मामांच्या शेततळ्यावर तर विचारणारंच कोणी नव्हतं. शिवाय पासष्टी आली की सगळीकडेच माफ. म्हातारपण कधी येतंय म्हणून बोटं मोजणाऱ्या बायका जगात आपण दोघीच असू.

मग तू शॅरिसकडे राहायला गेलीस. लेकीकडे जाणाऱ्या आईला कोण अडवणार? मी तुझे पडदे घड्या घालून दिले, तेही हसत. पण तिथल्या चर्चमध्ये तुला ती ग्लेनिस भेटली आणि माझं डोकं फिरलं. ओहायोहून फ्लॉरिडात आलेली, चक्रीवाली चकचकीत काठी घेऊन मिरवणारी. दर फोनला ग्लेनिस असं म्हणाली, ग्लेनिसने तसं केलं. तिने तुला लिंबू पिळून मासा भाजायला शिकवलं म्हणे. जन्मभर माझ्या हातचा, मक्याच्या पिठात घोळवून तळलेला खाल्लास, तेव्हा कधी लिंबू आठवलं नाही. मी जळत होते, ओडेसा. सरळच सांगते.

गेल्या गुरुवारी मी टॉलिव्हरच्या दुकानात किडे घ्यायला गेले होते. त्याच्या खिडकीतून आपल्या तळ्याचा काठ दिसतो, तुला माहीतच आहे. सायप्रसच्या झाडाखाली, आपल्या जागेवर, पालथ्या बादलीवर तू बसली होतीस. शेजारच्या बादलीवर ती. म्हणजे माझ्या दारावरून जाऊन मला एका शब्दाने विचारलं नाहीस, असं मनात आलं आणि मी टॉलिव्हरचा फोन उचलला.

होय, परवाने तपासणाऱ्या मासेमारी खात्याच्या माणसाला मीच बोलावलं. ओहायोच्या बाईकडे इथला परवाना कुठला असणार, असा माझा हिशोब. तो आला तेव्हा मी माझ्या गाडीआड उभी होते, हातात किड्यांचा डबा, ग्लेनिसचं तोंड कसं पडतंय ते बघायला. तिने खिशातून परवाना काढला, त्याने बघून परत दिला. मग त्याने तुझं ओळखपत्राचं कार्ड मागितलं. काठी तीच, तळं तेच, पण कार्डावर आता पत्ता शॅरिसचा, दुसऱ्या जिल्ह्यातला! तुझ्याही ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. "साहेब, मी इथलीच आहे हो," तू म्हणालीस, "या काठावर कोणालाही विचारा."

"कार्डावर तसं नाही, बाई," तो म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला, आणि दंडाची पावती फाडली. तू पावतीकडे पाहिलंच नाहीस, पाण्याकडे बघत राहिलीस. मी दहा पावलांवर होते. पुढे येऊन सांगायला हवं होतं. मी गाडीत बसले आणि घरी आले.

घरी फोनवर तुझा सकाळचा निरोप पडला होता. "अर्लीन, ग्लेनिसला आपली जागा दाखवायला आणतेय. तू ये गं, तिला किडा लावायला कोण शिकवणार? तुझी बादली गाडीत टाकलीय." तेव्हा आठवलं, झाडाखाली तिसरी बादली होती. पालथी, रिकामी. मला ती खिडकीतूनच दिसली होती, पण मी ग्लेनिसवरून नजर काढली नव्हती.

दंड मी भरणार, त्यावर वाद नको. ग्लेनिसला सांगायचं की नाही ते तू ठरव. आज मी टॉलिव्हरकडून परवाना काढला. आयुष्यातला पहिला. त्याने दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना म्हणून. पुढच्या शनिवारी मोफतचा दिवस आहे, आठवडाभर थांबले असते तर फुकटात आले असते. पण मोफतच्या दिवशी कोणीही येतं. मी या शनिवारी येतेय, तुझ्या जिल्ह्यात, तुझ्या पाण्यावर. वाटलं तर तिसरी बादली मांड. नाही मांडलीस तर मी उभी राहीन.

तुझीच, अजूनही थोडी जळणारी,
अर्लीन