पात्रावांची तांबडी घोडी

बाबा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या शेवटच्या वयापेक्षा माझंच वय पुष्कळ पुढे गेलं आहे. काल देवबागला भाचीकडे गेले होते. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारा एक घोडा उभा होता, पुढचा एक पाय जरासा हलका टेकून. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. मी काही डॉक्टर नाही, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. तरी माझे पाय त्याच्याकडे वळले आणि मी त्याच्या मालकाला म्हटलं, "हेच्या पायाक काय झालां रे?" पोरगा हसला, पण त्याने खूर उचलून पाहिला, तर आत खडा रुतलेला. तो काढल्यावर घोड्याने पाय पूर्ण टेकला आणि मोठा श्वास सोडला. भाची म्हणाली, "आत्ये, तुका ह्यां कसां कळलां?" तेव्हापासून तुम्ही मनात आहात, तुम्ही आणि ती पात्रावांची तांबडी घोडी.

गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता. मी कोल्हापूरहून कॉलेजच्या सुट्टीत मालवणला घरी आलेली. तुम्ही गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. गावात सगळे तुम्हाला 'ढोरांचो डॉक्टर' म्हणत आणि तुम्हाला त्यात काही कमीपणा वाटत नसे. त्या सकाळी खाडीपलीकडून पात्रावांचा गडी धापा टाकत आला. घोडी चिऱ्याच्या खाणीत पडली होती. माणसांनी दोर लावून तिला वर घेतली होती, पण पाय मोडला होता. तुम्ही चहा तसाच ठेवलात आणि पिशवी उचललीत. मी चपला घातल्या, तेव्हा तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि "चल" म्हणालात.

पात्राव म्हणजे म्हातारे ख्रिस्ती बागायतदार. माडांची मोठी बाग होती आणि गुडघे पार गेलेले, म्हणून ते घोडीवरून बागेत फिरत. घोडी मुळात त्यांच्या एकुलत्या मुलाची. त्याने ती शिंगरू असताना आणली, हाताने भरवून वाढवली आणि मग तो मडगावला नोकरीला गेला. पुढे गोव्याची हद्द बंद झाली, जाणं-येणं थांबलं. मुलगा तिकडे, घोडी इकडे. म्हातारा रोज संध्याकाळी तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहायचा म्हणे. बायको मात्र घोडीच्या नावाने सदा ओरडायची, कारण घोडी तिच्या परसातली वांगी खायची.

आपण होडीतून उतरून पोचलो तर बागेत जत्रा जमलेली. घोडी तीन पायांवर उभी होती, घामाने काळी पडली होती. पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली लोंबत होता आणि हाड बाहेर आलेलं. मी तोंड फिरवलं. तुम्ही आधी पायाकडे गेलाच नाहीत. सगळ्या माणसांना कुंपणाबाहेर घालवलंत, उन्हातून तिला हलवू नका म्हणून गड्यांना तिच्या डोक्यावर माडाच्या झावळ्यांची झापं धरायला लावलीत, आणि मग तिच्याशी हळू बोलत बोलत हात फिरवत खाली गेलात. उठलात तेव्हाच तुमच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

पात्राव पडवीच्या पायरीवर बसले होते. "दोतोर, पाय बांदून द्या. बरी जातली ती."

"बरी जावची नाय, पात्राव. घोड्याचो असो मोडलेलो पाय सांदत नाय. तिका सोडवक व्हयी."

शेजारचा कुणीतरी कुंपणापलीकडून म्हणाला, "घोडी मारल्यार पाप लागता. थंय माळार, सड्यार सोडा तिका, आपल्या मरणान मरात."

तुम्ही कधी आवाज चढवत नसत, पण तेव्हा चढवलात. "आपल्या मरणान म्हणजे कसां, सांग माका! उन्हात, तहानेन, कावळे डोळे फोडतत तां बघीत? तां पुण्य काय रे?" तो माणूस कुंपणापासून मागे सरला. पण पात्राव काही ऐकेनात. ते एकच म्हणत राहिले, "झील इलो काय माका इचारतलो, माझी घोडी खंय? मी तेका काय सांगू? तो येईसर तरी ऱ्हवांदेत तिका."

मला वाटलं होतं, तुम्ही आता त्यांना कायदा सांगाल, नाहीतर निघून जाल. तुम्ही त्यांच्याशेजारी पायरीवर बसलात. मग म्हणालात, "पात्राव, तुमी मगापासून माझ्या तोंडाकडे बघतास. जरा तिच्याकडे बघा." आणि एकेक गोष्ट दाखवत गेलात. कान कसे मागे पडलेत, नाकपुड्या कशा ताणल्यात, दात कसे करकरा वाजतायत, गुळाचा खडा समोर धरला तरी वास घेत नाही. "झील येईसर तिका ऱ्हवक सांगतास, पण ती ऱ्हवता ती अशी." म्हातारा बघत राहिला. त्याला ती सकाळपासून दिसत होती, पण त्याने तिला पाहिलं बहुतेक तेव्हाच. त्याने छातीवर क्रूस केला आणि तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बंदूक होती, रानडुकरांसाठी घरात ठेवलेली. त्याने ती तुमच्या मांडीवर ठेवली आणि परत आत जाऊन दार लावून घेतलं.

दवाखान्यात घोड्याला पुरेल एवढं औषध नव्हतं, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. गुंगीचं जेवढं होतं तेवढं तिला टोचलंत. पण घोडी माणसाळलेली असली तरी बुजलेली होती. दोर धरायला गडी जवळ गेला की मान झटकायची, मोडक्या पायावर जायची आणि कण्हायची. तेव्हा मी रडायला लागले. तुम्ही माझ्याकडे वळून न बघता म्हणालात, "रडाचां आसात तर माडाकडे जावन रड. तिच्यासमोर नको. तिका भय घालू नको." बाबा, तो तुमचा माझ्यावरचा सगळ्यात कडक शब्द. मी हुंदका गिळला आणि तिथेच उभी राहिले.

आणि मग पात्रावांची बायको स्वयंपाकघरातून आली, लुगड्याला हात पुसत. "माका सांगा खंय ऱ्हवाचां तां. मी धरतंय तिका."

"बाय, तुमका जमात?"

"जल्मभर गाळी घातलंय तिका मी, दोतोर. ती माझो आवाज वळाखता."

तिने दोर घेतला, तुम्ही दाखवलंत तशी बाजूला, खांद्यापाशी उभी राहिली आणि घोडीच्या आयाळीत बोटं घालून खाजवत नेहमीच्या चढ्या आवाजात सुरू झाली, "गे मेले, परत माझी वांगी खाल्लंस? कुंपण मोडलंस? तुका काय पोट आसा का कणगी? आं?" घोडीचे कान पुढे आले. खरंच आले, मी पाहिले. मान खाली झाली. बाईचा आवाज चढाच होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या पाण्याने आवाज जरासुद्धा भिजला नाही. तुम्ही चुलीतली राख बोटावर घेऊन घोडीच्या कपाळावर दोन रेघा ओढल्यात, या डोळ्यापासून त्या कानाकडे, त्या डोळ्यापासून या कानाकडे. जिथे त्या एकमेकींना छेदत होत्या तिथे बंदूक आली. बाई वांग्यांबद्दल बोलतच होती.

घोडी जागच्या जागी खाली बसल्यासारखी पडली. कुणालाही पुढे येऊ दिलं नाहीत तुम्ही. डोळ्याला बोट लावून पाहिलंत, छातीवर नळी ठेवून ऐकत बसलात, कितीतरी वेळ. मग मान हलवलीत. पात्राव दारात येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "दुखलां तिका?"

"आवाज तिच्या कानापर्यंत पोचाकच नाय, पात्राव."

त्यानंतर तुम्ही माडांच्या आड गेलात आणि मला ओकण्याचा आवाज आला. विहिरीवर तोंड धुऊन परत आलात तेव्हा बाईने तुमच्या हातात पेजेची वाटी दिली. ती तुम्ही उभ्यानेच प्यायलात. परतीला आपण होडीत बसलो. मग म्हणालात, "जनावराक उद्या नसता गो. आपण म्हणतो, उद्या बरां वाटात. तेका तां म्हायतच नाय. आता दुखता, एवढांच तेचां जग." पुढे वर्गात मी पुष्कळ मोठमोठ्या माणसांची वाक्यं फळ्यावर लिहिली. हे मात्र कधी लिहिलं नाही. ते घरचं होतं.

गोवा सुटला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पात्रावांचा मुलगा आला. मी तेव्हा इथल्याच शाळेत लागले होते. आपण स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो, आई बांगडे तळत होती. तो दारातच उभा राहिला, उंच, पँट घातलेला, तोंड लाल. "माझी घोडी तुमी मारलास?"

आईच्या हातातला झारा थांबला. तुम्ही म्हणालात, "व्हय. बस. सांगतंय." तो बसेना. तुम्ही ताटावरून उठला नाहीत, पण घासही घेतला नाहीत. खाणीपासून सगळं सांगितलंत, एकही गोष्ट गाळली नाहीत, ओकलात तेसुद्धा. वांग्यांच्या गोष्टीपाशी आलात तेव्हा त्याने तुम्हाला मध्येच थांबवलं. "माय गाळी घालत होती? तेव्हा सुद्धा?"

"शेवटापर्यंत."

तो हसला. हसता हसता दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. "माका घरात कोण काय सांगणा नाय," तो म्हणाला. "बापूस नुसतो भायर बघता." आईने काही न विचारता त्याच्यापुढे पान मांडलं. बांगडा वाढला, आणि तो जेवला. तुम्हीही मग जेवलात. उठताना त्याने तुमचा खरकटा हात दोन्ही हातांत धरला होता, हे तुम्हाला आठवतं का? तुम्हाला अवघडल्यासारखं झालं होतं.

हे पत्र मी कुठे टाकणार? घडी करून कपाटात साड्यांखाली जाईल, आणि माझ्यानंतर कुणी तरी रद्दीत देईल. त्याआधी एक सांगून ठेवते. त्या सकाळी मी घोडीसाठी चपला घातल्या नव्हत्या, बाबा. तुम्ही रोज उठून कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात असायचात. अख्खा एक दिवस तुम्ही माझ्याजवळ असाल, जाताना-येताना होडीत आपण दोघं शेजारी बसू, एवढ्यासाठीच आले होते मी.