शेवटचं कडवं पुन्हा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांची तक्रार माझ्या हृदयाबद्दल आहे. डोकं शाबूत असल्याचं त्यांनी वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे.

१. राहतं घर आणि बँकेतील ठेव माझ्या पतींना. हे सुतार. ऑर्गनचा भाता फाटला म्हणून आले आणि तीन दिवसांचं काम तीन आठवडे पुरवलं. हे विधुर होते. मी घटस्फोटित, पहिला नवरा आजही हयात. कोर्टाने मला मोकळं केलं, पण चर्चच्या लेखी ते लग्न कायम आहे. म्हणून आम्ही नोंदणी करून संसार थाटला, आणि त्या दिवसापासून दोघांनाही कम्युनियन, म्हणजे मिस्सेच्या उपासनेत रांगेने मिळणारी पवित्र भाकर, बंद झालं.

२. आईच्या बांगड्या थोरल्या बहिणीला. पहिलं लग्न माझ्या मनाविरुद्ध लावलं, हे चर्चच्या न्यायालयात तिने सांगितलं असतं तर ते रद्द ठरू शकलं असतं. "घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची, बाई?" म्हणाली. बांगड्या तिने रोज घालाव्यात. माझा राग मी वाटणीत धरलेला नाही.

३. गाण्यांच्या वह्या माझ्या विद्यार्थिनीला. वाजवणारी बाई रांगेत का नाही, असं कोणी विचारत नाही. बावीस वर्षं मी त्या वाद्याआड लपले. यांना आडोसा नव्हता. हे शेवटच्या बाकावर पाय आवरून बसायचे, बाकीच्यांना जायला वाट द्यायचे.

४. माझी छत्री फादरना, कारण ते स्वतःची कुठेतरी विसरतात. एकदा चहाच्या कपात बघत ते म्हणाले होते, "भाऊबहिणीसारखं राहायचं वचन दिलंत, तर मार्ग निघतो."

"फादर, ही मला दादा म्हणाली तर मला हसूच फुटेल," हे म्हणाले.

फादरही हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. नियम त्यांनी केला नाही, आणि मोडलाही नाही. दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही.

५. माझ्यामागे यांची अडचण सरते. पापनिवेदन करावं आणि रांगेत उभं राहावं, असं फादर सांगतात. हे मात्र अडून बसले आहेत.

"तिथे सांगू काय? तुझ्याशी संसार केला ही चूक झाली? नाही जमायचं."

अहो, तसं नका म्हणू. बावीस वर्षं भूक लागली होती, हे तर खरं ना? तिथून सुरुवात करा. पुढचं फादर विचारतील. माझं काय ते देव बघेल.

६. विद्यार्थिनीस सूचना: माझ्या अंत्यविधीच्या मिस्सेत कम्युनियनला लांब गीत घ्यावं. यांना पुढे बसवलं तरी हे मागेच जाऊन बसतील. नजर तिथे ठेवावी. रांग संपली म्हणून थांबू नये. हे उठले नसतील, तर शेवटचं कडवं पुन्हा घ्यावं. लागलं तर आणखी एकदा. यांचे गुडघे दुखतात, उठायला वेळ लागतो.

सही: ऑर्गनवाल्या बाई

साक्षीदार: १) खालच्या मजल्यावरील शिंपीणबाई २) समोरचे दातांचे डॉक्टर
(पती लाभार्थी असल्याने त्यांची सही चालत नाही. चहा त्यांनी केला.)

स्थळ: आमचं स्वयंपाकघर
दिनांक: आजचा रविवार, मिस्सेहून परतल्यावर