उंद्रीचा गूळ

१६ जानेवारी १९६४

साखर निघाली! काचेच्या नळीत डॉक्टरांचं निळं औषध, त्यात माझ्या लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. बघता बघता निळ्याचं विटकरी झालं. "निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं. हे विटकरी आहे, अर्जुनराव. म्हणजे भरपूर." जसं काही लॉटरीच लागली!

थोरले बंधू महादेवराव यातच गेले. आधी अंगठा काळा पडला, मग पाय कापला, मग तेही. चप्पल पायातून निसटलेली मला कळत नाही, हे डॉक्टरांना सांगितलं. घरी सांगितलं नाही.

मरणाचं भय नाही असं लिहिणार होतो. इथं तरी खोटं कशाला? आहे. पण त्याहून मोठं भय सरस्वतीचं. आम्हाला मूलबाळ नाही. मी गेलो की चिखलीचं हे बिऱ्हाड मोडणार आणि तिला उंद्रीला माहेरी जावं लागणार. आई आज आहे, उद्या नाही. मग भावजयीच्या घरात विधवा नणंद म्हणून जन्म काढायचा. जिनं आजवर कुणापुढं हात पसरला नाही, तिनं! तेवढ्यासाठी तरी जगायला पाहिजे. जमेल असं वाटत नाही.

१८ जानेवारी

संक्रांतीचे उरलेले लाडू तिनं शेजारीपाजारी वाटून टाकले. स्वतःसाठीही एक ठेवला नाही. "तुमच्यासमोर माह्या घशाखाली उतरन का?"

२२ जानेवारी

व्यायाम करा म्हणतात. चालावं तर टाच दुखते. "मग सायकल चालवा. रोज सकाळी गावाबाहेर जाऊन या." पन्नाशीला! शाळेत असताना चालवली होती. त्यानंतर कचेरीची खुर्ची ती खुर्चीच.

मोतीरामच्या दुकानातून जुनी सायकल घेतली. त्यानं सीट खाली केलं, आणखी खाली केलं. मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाला, "भाऊ, आता याच्याखाली जमीनच हाय."

२३ जानेवारी

अंगणात टांग मारली आणि थेट तुळशीवर गेलो. सरस्वती पदर तोंडाला लावून, "अवो, वृंदावनाले प्रदक्षिणा पायी घालतात!"

कोपर सोललं. उद्यापासून बंद.

२ फेब्रुवारी

बंद कुठली! ती पहाटे उठवते, चहा देते — बिनसाखरेचा, म्हणजे काढाच — आणि सायकल स्वतः दारात आणून उभी करते. उंद्रीच्या रस्त्यानं जातो. कुणी पाहू नये म्हणून उजाडायच्या आत निघतो. आज बाभळीच्या चढाआधीच्या वस्तीवर एक बाई सडा टाकताना थबकली.

"कोन गेलं हो?"

"कुणी नाही."

"मंग इतक्या फाटेच कुठं?"

काय सांगू? धोतर-टोपीतला बाप्या उजाडायच्या आत सायकल मारत खेड्याकडं निघाला म्हणजे आपल्याकडं एकच काम. मौतीचा निरोप. तार पोचेपर्यंत इकडं राख सावडून होते. सायकल दुपारच्या आत पोचते. साखरेसाठी कुणी सायकल चालवतं हे त्या बाईला सांगितलं असतं तर तिनं मला वेड्यात काढलं असतं. चढावर उतरावंच लागलं. सायकल हातात धरून चाललो. एक बैलगाडी मागून येऊन पुढे गेली.

९ फेब्रुवारी

विटकरी. पालथ्या घड्यावर पाणी!

१२ फेब्रुवारी

कचेरीत शेजारच्या टेबलाचे नारायणराव सगळ्यांदेखत — "काय अर्जुनराव, या वयात कोनाले दाखवाले जाऊन राह्यले सायकलवर?" सगळे हसले. मीही हसलो. हसणार नाही तर काय करणार? चढावर अजून उतरावं लागतं. दम छातीत मावत नाही. हे सगळं कशासाठी, तर रोज आणखी थोडं जगायला. आणि ते जगणं कसं, तर हे असं.

१७ फेब्रुवारी

घरी आलो. सरस्वती ओरडली. ओसरीवर माझ्या पावलामागं रक्त. पॅडलच्या खिळ्यानं डावा घोटा फाडला होता, मला पत्ताच नाही! तिनं कोमट पाण्यानं धुतलं, हळद भरली.

"दुखत नाही?"

"नाही."

तिनं घोट्यावर फडकं बांधलं. "दुखलं असतं त बरं झालं असतं. या न दुखन्याचंच भेव वाटते मले."

कळलं तिला. उठताना दाराची चौकट धरून थांबली. धापा टाकत होती. म्हटलं, तुलाही एक सायकल घेऊ. "हाव, घ्या. जोडीनं मिरवू गावात!"

२३ फेब्रुवारी

घोटा दाखवायला गेलो, ती सोबत आली. जखम भरतेय म्हणाले. नळी विटकरी. निघताना डॉक्टर तिच्या पायांकडं बघून म्हणाले, "वहिनींच्या पायाला सूज दिसते. त्यांनाही एकदा तपासू."

"आधी यायची साखर उतरू द्या. एका घरात दोन-दोन रोगी कायले?"

रस्त्यात मीही म्हणालो, दाखवून घे. म्हणाली, कुरडया झाल्या की बघू.

८ मार्च

आज जे झालं ते हसावं की रडावं!

रविवार. मनाशी ठरवलं, आज थेट उंद्रीपर्यंत. पोचलो! चढ पायीच चढलो, पण पोचलो. सासूबाई जनकाबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. मला पाहिलं, उठल्या, रीतीप्रमाणं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी हातानंच नको म्हटलं. गूळ नको कारण साखर. पाणी नको कारण मोतीराम म्हणाला होता, दम जिरल्याशिवाय पाणी पिऊ नका, छातीत धरते. आणि तोंडातून शब्द फुटेना, नुसती धाप!

त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला.

"माही सरस्वती! माही सरस्वती गेली वं माय!"

मी मान हलवतोय, हात हलवतोय. त्या हलणाऱ्या मानेचाही त्यांनी तोच अर्थ घेतला. मेहुणा निवृत्ती परसातून पळत आला, त्यानं माझे खांदे धरले. "दाजी, काय झालं? जास्त हाय का?" निरोप्या 'मेलं' म्हणत नाही, 'जास्त आहे' म्हणतो, हे काय मला माहीत नाही? निरोप्या त्या घरचं पाणी घेत नाही, हे माहीत नाही? सगळं माहीत. पण डोक्यात साखरेशिवाय दुसरं काही उरलेलंच नाही. गल्ली गोळा झाली. बाया ऊर बडवायला लागल्या. शेवटी एकदाचा आवाज फुटला — "अहो, आहे! ठणठणीत आहे! घरी भाकरी थापते आहे!"

आधी कुणाचा विश्वास बसेना. मग सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझा जो उद्धार केला तो लिहिण्यासारखा नाही. शेवटी खाली पडलेला गुळाचा खडा उचलला, पदरानं पुसला, माझ्या तोंडापुढं धरला.

"साखर-बिखर मले सांगू नका, जवाईबापू. याच्यापुढं या दारात आले की आधी गूळ, मंग बोलनं. तुम्ही गूळ घेतला की मी समजन, माही पोर सुखी हाय."

घेतला. काय करतो!

रात्री सरस्वतीला सांगितलं तर हसून हसून बेजार. मग म्हणाली, "माय किती रडली हो?" म्हटलं, खूप. तेही तिला आवडलं असावं.

१५ मार्च

उंद्रीला जाऊन आलो. सासूबाई खडा हातात घेऊन ओट्यावर उभ्याच! लांबूनच ओरडल्या, "आधी गूळ!" हरभऱ्याएवढा खडा. टाकला तोंडात. त्या हसल्या. दात एकही नाही, पण हसल्या म्हणजे घर हसतं.

२० मार्च

विटकरी. डॉक्टरांना गुळाचं सांगितलं नाही.

खरं सांगायचं तर मला वाटत नाही की मी यातून निघेन. रात्री अंगठा दाबून बघतो. काही कळत नाही, लाकूड दाबल्यासारखं. महादेवराव असंच बसायचे अंगठा धरून. सायकल विकून टाकावी आणि वाट बघत बसावं, असं आज तिला बोललो. ती चिडली. बावीस वर्षांत इतकी चिडलेली पाहिली नाही.

"तुम्ही असे हात टेकून राह्यले त मी कोनाकडं पाहू? मले कपाळ पुसून भावाच्या दारात नाही जायचं! चालवा गुमान."

बोलता बोलता धाप लागली, खाली बसली. मी पाणी दिलं.

२१ मार्च

चालवली.

२९ मार्च

काल होळी झाली. पुरणपोळी सगळ्यांच्या घरी, आमच्या घरी ज्वारीची भाकरी. ती माझ्याबरोबर तेच खाते. उंद्रीला गेलो, गूळ घेतला. सासूबाई म्हणाल्या, "तिले घेऊन या एकदा." म्हटलं, कुरडया झाल्या की दोघं एसटीनं येतो.

५ एप्रिल

आज गंमत! संध्याकाळी देवीच्या देवळात जायचं होतं, तिला चालवेना. म्हटलं, बस कॅरिअरवर. "लोक काय म्हनतीन?" म्हटलं, लोक मला मौतीचा निरोप्या म्हणतात, त्यापेक्षा वाईट काय म्हणणार! बसली. एका हातानं सीट धरलं, दुसऱ्या हातानं माझा सदरा. मोतीराम दुकानातून ओरडला, "भाऊ, चाकात हवा हाय ना?" सरस्वतीनं पदर डोळ्यांवर ओढला आणि आतल्या आत हसत राहिली. तिचं हसणं पाठीला कळत होतं.

पाठ अजून शाबूत आहे म्हणायची.

१२ एप्रिल

हिरवं! दोनदा केलं. दोन्ही वेळा हिरवं! डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. "अर्जुनराव, सायकल पावली तुम्हाला." चिमटा काढला तर अंगठ्यालाही थोडं जाणवतं असं वाटतं; भासही असेल. मी असल्या गोष्टींवर लगेच विश्वास ठेवणारा नाही. पण हिरवं होतं, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

घरी येऊन सांगितलं. तिनं हात जोडले. मग बसल्या जागी डोळे पुसत म्हणाली, "सुटले मी. आता मले उंद्रीले जा लागत नाही."

चढावर मात्र अजून उतरतोच.

१६ एप्रिल

कुरडया घातल्या. गच्चीवर चारदा चढली-उतरली, मी नको म्हणत असताना. ओठ निळसर दिसले. उन्हानं असेल म्हणाली. वाळवण झालं की सोमवारी डॉक्टरकडे. आता कबूल झाली आहे.

३ मे

लिहायला आज बसलो.

त्या दिवशी मोतीराम म्हणाला, "भाऊ, तुम्ही तिच्यापाशी बसा. उंद्रीले मी जातो." म्हटलं, नको. त्या घरी मीच जायला पाहिजे.

बाभळीच्या चढावर उतरलो नाही. कसा चढलो, माहीत नाही.

सासूबाई ओट्यावरच होत्या. लांबून पाहून हसल्या, आत गेल्या, गूळ आणि तांब्या घेऊन आल्या.

मी घेतला नाही.