खावटीचा दिवस

प्रिय बेबीताई,

तू मला ओळखत नाहीस. तू पुंडलिकचं घर सोडून लहानग्या नयनला घेऊन वणीला गेलीस, त्यानंतर दोन वर्षांनी त्या घरात लग्न होऊन आले ती मी, पंचफुला. तुला एकेरी बोलते, राग मानू नकोस. मनातल्या मनात इतकी वर्षं तुझ्याशी भांडले आहे की अहो-जाहो करायला जीभ वळत नाही.

नयन अठराचा होईपर्यंत त्याच्या पोटापाण्यासाठी कोर्टानं खावटी बांधून दिली, ती तुला दर महिन्याला मिळत गेली. त्या दिवशी या घरात काय व्हायचं हे तुला कोणी सांगितलं नसेल. मारेगावच्या कोर्टात पैसे भरून पुंडलिक घरी यायचा, चहा प्यायचा, मग अंगणातल्या सरपणाच्या ढिगातून कापसाच्या झाडाची काठी, पऱ्हाटी, ओढायचा. वाळलेली पऱ्हाटी लवकर मोडत नाही, तुला माहीत असेल. कापसाला भाव नसायचा, विकलेल्या मालाचे चुकारे लांबायचे, त्या सालात तर त्याचा हात थांबायचाच नाही. एकदा कान फुटला, त्या कानानं आता ऐकू येत नाही. एकदा मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. सासूबाई दार लोटून घ्यायच्या. म्हणायच्या, आज खावटीचा दिवस आहे, उद्या निवळेल. गावही तेच म्हणायचं आणि मीही तेच मानलं.

म्हणून तुझ्या नावानं बोटं मोडली, ताई. नयनचं वय मला माझ्या पोरांपेक्षा पक्कं पाठ होतं. ज्या पोराचं तोंड पाहिलं नाही, त्याच्या वाढदिवसाला दरवर्षी मारुतीला नारळ फोडायची, लवकर मोठा कर म्हणून. तो दहावी पास झाल्याचं कानावर आलं तेव्हा घरात शिरा केला. हसशील तर हस.

यंदा तो अठराचा झाला. खावटी सुटली म्हणून पुंडलिक मटण घेऊन आला, आणि मला वाटलं, सुटका माझीच झाली. पुढच्या महिन्यात खावटीची ती तारीख आली. भरायला काही नव्हतं. त्यानं चहा घेतला आणि उठला. मी पहिल्यांदाच विचारलं, आता कायले मारता?

तो म्हणाला, "ते बेबी निंगून गेली म्हणून खावटी भरली. तू निंगाली तं तुयी तेरवीच करीन."

मग माझ्या प्रेरणानं काय केलं ते वाच. अकरा वर्षांची पोर. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती ढिगापाशी गेली, एक बारकी पऱ्हाटी काढली, तिच्या काटक्या मोडून साफ केली आणि बापाच्या हातात दिली. त्यानं घेतली. मी मार खात होते आणि तिच्याकडे पाहत होते. ती रडत नव्हती. नंतर पाठीला हळद लावताना म्हणाली, "जाड लय लागते ना आई, म्हणून मी आधीच निवडून ठेवली होती."

मी उठले. ढिगातली सगळ्यात जाड पऱ्हाटी ओढली आणि जेवत बसलेल्या पुंडलिकच्या तोंडावर हाणली. ताटात रक्त सांडलं आणि दात पडला. तो उठू लागला तशी पुन्हा हाणली, पुन्हा हाणली. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पोरगी किंचाळली तेव्हा थांबले. दोन्ही लेकरांना घेऊन निघाले ती राजूरला भावाकडे आले.

आता त्यानं माझ्यावर केस केली आहे. बाई वेडी आहे, मुलं माझ्या ताब्यात द्या, म्हणतो. सासूबाईंनी लिहून दिलं की घरात मारहाण कधी झालीच नाही. गावातून कोणी साक्षीला यायला तयार नाही. प्रेरणा परत त्या अंगणात गेली तर काय शिकेल, या विचारानं माझा जीव जातो. तुझी खावटी संपली, त्याच्याशी तुझा काही संबंध उरला नाही. तुझ्यावरचा माझा रागही अजून पुरता गेलेला नाही. तरी सोमवारी मारेगावच्या कोर्टात ये. मी जजसाहेबांसमोर पाठ उघडी करणार आहे. तुझ्या पाठीवरही वळ उरले असतील, तर माझ्या शेजारी येऊन उभी राहा.

तुझीच,
तुझ्यामागून त्या घरात आलेली
पंचफुला